वाईन चाखायची कशी: पहिल्या काही बैठकांसाठी

वाईन शिकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एक बाटली आणतो, एक ग्लास भरतो आणि मागच्या लेबलवर छापलेली 'चेरी, व्हॅनिला आणि चामड्याची झाक' शोधत बसतो. काहीच सापडलं नाही की हे आपलं काम नाही असं ठरवून मोकळा होतो. त्याच्या नाकात काही खोट नसते. तुलनेला समोर दुसरं काही नसतं, एवढंच. तीच वाईन दुसऱ्या वाईनच्या शेजारी ठेवली की 'ही जास्त आंबट, ती जास्त तुरट' हे कुणालाही पाच मिनिटांत सांगता येतं. म्हणून इथे सांगितलेला जवळजवळ सगळा सराव दोन ग्लास शेजारी ठेवूनच करायचा आहे.

ग्लास, बाटली आणि तापमान

प्रत्येकी दोन ग्लास लागतील, दोन्ही एकाच आकाराचे. पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळते, बिनरंगी काचेचे आणि दांडीचे. चाखण्यासाठी आयएसओ ३५९१ मानकाचा ग्लास मिळतो. तो काठोकाठ भरला तर साधारण २१५ मिली मावतं आणि त्यात ओतायची असते फक्त ५० मिली. उरलेली जागा वासासाठी. हा ग्लास नसेल तर त्याच घाटाचा कुठलाही चालेल, पण सरळ उभट ग्लास किंवा स्टीलचा पेला नको. त्यात वास साठत नाही आणि रंग दिसत नाही.

ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. भांड्याच्या साबणाचा, कपाटाचा किंवा पुसायच्या फडक्याचा वास ग्लासला चिकटून राहतो आणि लोक तोच वाईनमध्ये शोधत बसतात. असा वास आला तर ग्लास नुसत्या गरम पाण्याने विसळून हवेवर वाळवा.

बाटली निवडताना वर्ष बघा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाईन ताज्या प्यायच्या असतात, काढणीपासून एकदोन वर्षांत. दुकानात बाटली कुठे ठेवली आहे तेही बघा. उन्हात चमकणाऱ्या काचेच्या खिडकीतली बाटली घेऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो. घरी आणतानाही मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तर ती वाया गेली असंच समजा.

तापमानाकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईतली खोली ३० अंशांवर असते आणि तिथे रेड वाईन प्यायली तर अल्कोहोलचा जाळ तेवढा जाणवतो, फळ दडपून जातं. भारी रेड १५ ते १८ अंश, हलकी रेड १३ अंशांच्या आसपास, भरदार पांढरी १० ते १३, हलकी पांढरी आणि रोझे ७ ते १०, स्पार्कलिंग (फेसाळ) ६ ते १०, असा हिशेब ठेवा. ३० अंशांवरची रेडची बाटली घरच्या फ्रिजमध्ये साधारण तासभर ठेवली की बेतात येते. पांढरीला अडीच तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी समसमान घाला, त्यात पांढरी वीसएक मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला मोजक्या जागीच टेकतात. उलट, गारढोण वाईनला वासच येत नाही. तेव्हा पांढरी फार गार लागली तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

पहिली बैठक वाईनशिवाय

ही बैठक टाळू नका. खर्च दहावीस रुपये, वेळ अर्धा तास. चार ग्लास मांडा आणि त्यांना क्रमांक द्या.

पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात २५० मिली पाणी आणि एक सपाट चहाचा चमचा साखर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. तिसऱ्यात तेवढंच पाणी, तेवढीच साखर आणि एका रसदार लिंबाचा रस, अंदाजे २५ मिली. चौथ्यात कोरा चहा: २०० मिली पाण्यात चमचाभर चहापूड घालून पाच मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. साखर घालू नका.

दुसरा आणि तिसरा ग्लास आलटून पालटून चाखा. साखर दोन्हींत सारखीच आहे, तरी तिसरा कमी गोड लागतो. आंबटपणा गोडी झाकतो. पुढे एखादी वाईन 'अजिबात गोड नाही' असं वाटेल तेव्हा हा ग्लास आठवा, कारण तिच्यात साखर असू शकते आणि आंबटपणाने ती लपवलेली असू शकते.

आता तिसरा ग्लास चाखून घोट टाकून द्या आणि तोंड किंचित उघडं ठेवून मान खाली घाला. जिभेखालून आणि गालांच्या आतून लाळ सुटते. ती किती सुटली आणि किती वेळ सुटत राहिली, हेच वाईनमधल्या आंबटपणाचं मोजमाप आहे. कोरा चहा याच्या उलट वागतो. तो हिरड्यांवर आणि ओठांच्या आत कोरड आणतो, जीभ टाळूवर सहज सरकत नाही. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या घटकाचा. आंबटपणाने पाणी सुटतं, टॅनिनने कोरड पडते. रेड वाईनमध्ये दोन्ही एकदम येतात आणि नवख्या माणसाची इथेच गल्लत होते, म्हणून या दोन ग्लासांवर पाच-सहा वेळा मागेपुढे करा. तुरट आणि कडू हेही वेगळं ओळखायला शिका. कडवटपणा जिभेला चव म्हणून कळतो, तुरटपणा स्पर्शासारखा जाणवतो.

शेवटी त्याच चहात दोन चमचे दूध घाला आणि पुन्हा चाखा. कोरड जवळजवळ गायब झालेली असते, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. तुरट रेड वाईनबरोबर चीज का देतात, ते इथे कळतं.

एक खेळ राहिला. दालचिनीची पूड आणि साखर मिसळून चिमूटभर घ्या. नाक घट्ट दाबा, मिश्रण जिभेवर ठेवा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. दालचिनी एकदम उमगेल. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवत तो चुकीचा आहे, पाचही मूळ चवी जिभेवर सगळीकडे कळतात. सर्दी झाली असेल तर बैठक पुढे ढकला.

खोली आणि वेळ

सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी बसा. किंचित भूक असलेली बरी, पण अगदी रिकाम्या पोटी बसू नका. स्वयंपाकघरात फोडणी पडत असेल, देवघरात उदबत्ती चालू असेल तर दुसरी खोली गाठा. अत्तर, परफ्यूम, केसातला मोगऱ्याचा गजरा आणि हाताला लावलेलं वासाचं क्रीम हे त्या दिवशी नको, कारण त्याचा त्रास तुमच्यापेक्षा शेजारी बसलेल्यांना जास्त होतो. दात घासून किमान तासभर जाऊ द्या. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक गोडी दाबतो आणि आंबटपणाला कडवट करतो. मिसळ किंवा झणझणीत रस्सा खाऊन वाईन चाखायला बसणं व्यर्थ आहे, मिरचीची जळजळ अल्कोहोलने आणखी भडकते. मधूनमधून तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव ठेवा. खारे शेंगदाणे, फरसाण, वेफर्स बैठक संपल्यावर.

मात्रेचा हिशेब आधीच करा. ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे १५ ग्लास निघतात, तेव्हा सहाजणांना दोन बाटल्या पुरून उरतात. १२.५ टक्क्यांच्या वाईनचे सहा ग्लास गिळले तर पोटात साधारण ३० ग्रॅम अल्कोहोल जातं. त्यामुळे चाखून थुंकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पाहुण्यांत थुंकायला संकोच वाटतो हे खरं, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा उंच, अपारदर्शक कागदी पेला द्या, तळाशी एक टिश्यू टाकून ठेवा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. बेसिनशी नुसत्या पाण्याने दोनचार वेळा सराव केला की जमतं: ओठांचा चंबू, हनुवटी पुढे, एका दमात. थुंकलं तरी थोडं अल्कोहोल अंगात जातंच, म्हणून नंतर गाडी चालवू नका. कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण नसेल, दिवस गेलेले असतील किंवा अल्कोहोलबरोबर न चालणारी औषधं सुरू असतील तर वाईन चाखू नका, पहिली, वाईनशिवायची बैठक मात्र जरूर करा.

बूच काढणं

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं आणि त्यात काही कमीपणा नाही. बूच असेल तर वरची पन्नी बाटलीच्या ओठाखालून कापा, स्क्रू बुचाच्या मधोमध टोचून सरळ फिरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या. पूर्ण आत गेला तर बुचाचा चुरा वाईनमध्ये पडतो. स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. ती नीट गार करा, ४५ अंशांत तिरपी धरा, तारेची जाळी सैल केल्या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवू नका आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवा. हलका सुस्कारा ऐकू आला पाहिजे. मोठा आवाज म्हणजे फेस आणि वास दोन्ही वाया. तोंड माणसांपासून दूर, हे सांगायला नको.

बघणं

याला अर्धं मिनिट पुरे. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि वाईनच्या कडेचा रंग बघा. पांढरी वाईन वय वाढतं तशी गडद होत जाते: हिरवट लिंबू, मग सोनेरी, मग मधासारखी. रेड वाईन उलट फिकी पडते: जांभळट, माणकासारखी लाल, मग विटकरी. एक-दोन वर्षांची पांढरी जर तपकिरी दिसली तर पुढे सावध राहा. ग्लास फिरवल्यावर काचेवर जे ओघळ उतरतात त्यांच्यावर फार बोललं जातं. ते अल्कोहोल आणि काही अंशी साखरेमुळे येतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. तळाशी गाळ किंवा साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका. खडे टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, दोन्ही निरुपद्रवी.

वास

वेळ द्यायचा तो इथे. आधी ग्लास न हलवता हुंगा. मग तो टेबलावर ठेवून, दांडीला धरून, तीन-चार वेळा गोल फिरवा आणि लगेच नाक आत घाला. दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. लांब श्वास ओढत राहिलं तर नाक थकतं आणि मग काहीच येत नाही. थकलं की आपल्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं. आता शेजारचा ग्लास. मग परत पहिला.

पहिल्या झटक्यात फळाचं नाव सुचावं अशी अपेक्षा धरू नका. मोठ्या घरातून छोट्या घरात जा. हा वास फळाचा आहे, फुलाचा, पाल्याचा, मसाल्याचा, की लाकडाचा? फळाचा असेल तर लिंबाच्या कुळातला, सफरचंद-पेरच्या, पेरू-अननसाच्या, लाल फळांच्या की काळ्या फळांच्या? आणि ते फळ कच्चं आहे, पिकलेलं, शिजवलेलं की वाळलेलं? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली तरी टिपण कामाचं झालं.

परदेशी पुस्तकांत ब्लॅककरंट, गूजबेरी अशी नावं येतात. ज्या फळाचा वास आपण कधी घेतलेला नाही ते ग्लासात सापडणार कसं? तिथे करवंद, जांभूळ, तुती, आवळा, पेरू, कोकम ही आपली शिदोरी आहे आणि ती भरपूर आहे. टिपण पहिल्यांदा स्वतःसाठी असतं. जे आठवलं ते लिहा, आजीच्या फडताळाचा वास आला असेल तर तेही लिहा. दहा टिपणं झाली की तोच शब्द कुठल्या द्राक्षाला परत परत येतोय ते दिसायला लागतं.

यामागे नुसती कल्पना नसते. सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण पायराझिन जातीची तीच संयुगं दोन्हींत असतात. शिराझ या रेडमधली काळी मिरी रोटंडोन नावाच्या संयुगाची, आणि खऱ्या मिरीतही तेच आहे. मस्कत जातीच्या द्राक्षातला फुलांचा वास लिनालूलचा, जे धण्यातही भरपूर असतं. लोणी आठवलं तर ते डायअसिटिल. व्हॅनिला आणि लवंग बहुतेक वेळा ओकच्या लाकडी बॅरलमधून येतात. बॅरलच आतून भाजून काढलेलं असतं, त्यातून टोस्ट, धूर, कॉफी.

सरावासाठी आठ वाट्या घ्या. लिंबाची साल, पेरूची फोड, चिरलेली ढोबळी मिरची, नुकती कुटलेली मिरी, लवंग, मनुका, मध, भाजलेला ब्रेड. वर कागद बांधून त्याला टोचे मारा, घरातल्या कुणालातरी वाट्यांची जागा बदलायला सांगा आणि फक्त हुंगून ओळखा. रोज स्वयंपाक करणारेही यात चाचपडतात, कारण एरवी डोळे आधीच नाव सांगून टाकतात. आठवडाभर हे केलं की शिराझच्या ग्लासात मिरी शोधावी लागत नाही.

घोट

१० ते १५ मिली, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे. अगदी लहान घोट घेतला तर लाळेतच विरतो आणि तुरटपणा कळत नाही. वाईन तोंडात सगळीकडे फिरवा, हिरड्यांपर्यंत पोचू द्या. मग ओठ किंचित उघडून, बशीतला गरम चहा भुरकतात तसा थोडा हवेचा भुरका मारा. आवाज होईल, होऊ द्या, त्यानेच वास घशामागून नाकात चढतो. पाच ते आठ सेकंदांनी थुंका.

आता पाच गोष्टी याच क्रमाने तपासा.

गोडी, पहिल्या एकदोन सेकंदांत. पिकलेल्या फळाचा वास आला म्हणून वाईन गोड वाटते, ही सगळ्यांची अडचण आहे. शंका आली तर नाक दाबून घोट घ्या. वास बंद झाल्यावरही गोड लागली तर साखर आहे. युरोपीय नियमांत लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन ड्राय, म्हणजे गोड नसलेली, म्हणवते, आंबटपणा भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही.

आंबटपणा, थुंकल्यानंतर, मान खाली घालून, लाळेवरून.

तुरटपणा, हिरड्या आणि वरच्या ओठाच्या आत. पांढऱ्या वाईनमध्ये तो जवळजवळ नसतो, कारण तिथे रस सालीपासून लवकर वेगळा करतात.

अल्कोहोल, गिळताना किंवा थुंकल्यावर घशात येणाऱ्या ऊबेवरून. अंदाज लिहा आणि मगच लेबल बघा. ११ आणि १४ टक्के यांतला फरक महिनाभरात ओळखता येतो.

भार, म्हणजे वाईन तोंडात पाणचट वाटते की जड. ही एकटी गोष्ट नाही. अल्कोहोल, साखर, टॅनिन आणि फळाचा अर्क यांची ती बेरीज असते.

मग शेवट. थुंकल्यावर सेकंद मोजा. चांगली चव तीनचार सेकंदांत संपली तर वाईन आखूड, दहाच्या पुढे गेली तर लांब. फक्त आंबटपणा किंवा जाळ मागे राहिला तर तो मोजू नका.

टिपण

मोबाइलपेक्षा वही बरी, कारण मोबाइल हातात आला की कुणीतरी त्या वाईनबद्दल काय म्हटलंय ते बघायचा मोह होतो. वर द्राक्ष, वर्ष, उत्पादक, अल्कोहोलचा टक्का, तापमान. खाली गोडी, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल, भार यांना प्रत्येकी १ ते ५ गुण, हे गुण चांगल्या-वाईटाचे नसून फक्त प्रमाणाचे. वासाचे तीन शब्द. शेवटाचे सेकंद. आणि सर्वात खाली दोन वेगळ्या ओळी: मला आवडली का, आणि चांगली आहे का. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका. चांगली आहे का हे ठरवताना चार गोष्टी बघतात: एखादा घटक बाकीच्यांवर चढून बसलाय का, चव किती टिकते, वास-चवीला जोर किती आहे आणि त्यात एकच सूर आहे की बरेच. आंबट वाईन तुम्हाला आवडत नसेल तरी ती उत्तम असू शकते. गोव्याच्या गोड पोर्टवर ज्यांची जीभ बसली आहे त्यांना पहिली ड्राय रेड आंबटढाण लागते. तो वाईनचा दोष नाही आणि त्यांचाही नाही, दोनतीन बैठकांत जीभ सरावते.

कुठल्या जोड्या लावायच्या

सुरुवात एकाच बाटलीने करा, तीही शिराझ. अर्धी फ्रिजमध्ये गार करून १६-१७ अंशांवर आणि अर्धी खोलीच्या तापमानाला. एकच वाईन, पण गरम ग्लासात अल्कोहोल पुढे येतो आणि चव पसरट होते. हे एकदा अनुभवलं की रेड गार करण्याबद्दल पुन्हा कुणाशी वाद घालावा लागत नाही.

दुसरी जोडी नाशिकच्या सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्यांची, शक्यतो एकाच उत्पादकाची आणि एकाच वर्षाची. पहिल्यात लिंबू, पाला, पेरू, खणखणीत आंबटपणा. दुसरी मऊ, सफरचंद-पेरच्या बाजूची आणि आपल्याकडे बऱ्याचदा हलकी गोडी राखलेली. नाक दाबून गोडी तपासायचा सराव इथेच करा.

तिसरी जोडी साध्या शिराझची आणि ओकमध्ये मुरलेल्या शिराझची. मागच्या लेबलवर ओक किंवा बॅरलचा उल्लेख शोधा. लवंग, व्हॅनिला, धूर कुठून येतात ते समोरासमोर कळतं आणि पुढे 'मला ओक आवडतो की नाही' या प्रश्नाचं उत्तर मिळतं, ज्यामुळे खरेदीतले बरेच पैसे वाचतात.

हात बसला की नाशिकची सोविन्यों ब्लां न्यूझीलंडच्या मार्लबरोच्या सोविन्यों ब्लांशेजारी ठेवा. मार्लबरो गार हवेचा प्रदेश, दक्षिण गोलार्धात ४१ अंशांवर. नाशिक २० अंशांवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या करतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड पिकतात ते हिवाळ्यात आणि काढणी येते जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन, रात्री गारवा, या फरकानेच द्राक्षातला आंबटपणा टिकतो.

एकाहून जास्त वाईन असतील तर क्रम असा: स्पार्कलिंग, हलकी पांढरी, भरदार पांढरी, रोझे, हलकी रेड, भारी रेड आणि गोड वाईन सगळ्यांत शेवटी. गोड आधी चाखली तर नंतरची ड्राय वाईन निष्कारण कडक लागते. पहिल्या सहा महिन्यांत एका बैठकीला चारपेक्षा जास्त वाईन नकोत.

बाटली बिघडली आहे का

ओला पुठ्ठा, कुबट तळघर असा वास आणि फळ मुकं झालेलं: हा बुचाचा दोष. टीसीए नावाचं संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. हवेने तो वास जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा.

कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास, तपकिरी रंग, चपटी चव: हवा लागली आहे.

व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर: बॅक्टेरियांची करणी. किंचित असेल तर काही रेडमध्ये खपून जातो, नाकात झोंबला तर नाही.

सडकं अंडं किंवा विझलेली काडी: गंधकाची संयुगं, वाईनला हवा न मिळाल्याने. घाईने ओतून देऊ नका. ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा वास उडून जातो.

मुरंब्यासारखा शिजलेला वास, बूच वर सरकलेलं, बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ: उष्णतेने भाजलेली वाईन. आपल्या हवेत हा दोष वारंवार भेटतो आणि लोकांना वाटतं वाईन अशीच असते. शंका आली तर त्याच वाईनची दुसरी बाटली वेगळ्या दुकानातून घ्या आणि शेजारी ठेवा.

वायनरीत गेल्यावर

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरी आणि इगतपुरीच्या बाजूला, तसंच सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे वायनऱ्या आहेत. जानेवारी ते मार्च गेलात तर काढणी आणि गाळप बघायला मिळू शकतं, आधी फोन करून विचारा. शनिवार-रविवारी गर्दीत ओतणाऱ्याला बोलायला वेळ नसतो, आठवड्यातला दिवस आणि सकाळची वेळ निवडा. थुंकायला भांडं मागायला लाजू नका, तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. विचारायचे प्रश्न नेमके ठेवा: काढणी कुठल्या महिन्यात झाली, ब्रिक्स (द्राक्षाच्या रसातली साखर) किती होतं, ओकमध्ये किती महिने होती, साखर किती शिल्लक आहे. बागेत परवानगी मिळाली तर वाईनच्या द्राक्षाचा एक मणी तोडून चावा. खायच्या थॉम्पसनपेक्षा तो लहान असतो, साल जाड, आत बिया. साल वेगळी चघळा: शिराझ असेल तर बोटं जांभळी होतात आणि हिरड्यांवर तीच कोरड येते, जी कोऱ्या चहाने आली होती.

उरलेली वाईन आणि स्वतःची परीक्षा

बाटलीत उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. पांढरी तीन ते पाच दिवस, रेड तीन-चार दिवस, स्पार्कलिंग खास झाकण लावून एक-दोन दिवस बरी राहते. रोज थोडी चाखून फरक लिहा, हवेने वाईनचं काय होतं ते फुकटात शिकायला मिळतं.

महिना-दीड महिन्याने परीक्षा घ्या. तीन सारखे ग्लास, दोघांत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी, तापमान आणि मात्रा अगदी सारखी. तुम्ही खोलीबाहेर असताना कुणीतरी ओतावी आणि ग्लासच्या बुडाला खूण करावी. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. एकदा बरोबर येणं काही सिद्ध करत नाही, नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा जमतंच. लागोपाठ तिन्ही फेऱ्या नुसत्या नशिबाने जिंकण्याची शक्यता मात्र २७ मध्ये १ उरते. सोविन्यों आणि शेनिनने सुरुवात करा, ते जमलं की एकाच वाईनची दोन लागोपाठची वर्षं घ्या. तिथे अडलात तर परत आठ वाट्यांकडे जा आणि आणखी आठवडाभर नाकाला कामाला लावा.